आधी खोड, मग ट्रे

"गच्चीवर बोन्साय करून विकायचंय. सुरुवात कशापासून करू, आणि पैसे कधी दिसायला लागतील?" हा प्रश्न नेहमी येतो आणि विचारणाऱ्यानं बहुधा सुंदरसा ट्रे, म्हणजे बोन्सायची उथळ कुंडी, आधीच घेऊन ठेवलेला असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सरळच सांगतो: फांदी लावून सुरुवात करणार असाल तर पूर्ण तयार बोन्साय व्हायला पाच वर्षं धरा, आणि तो ट्रे तोवर कपाटात ठेवा.

जाणकार गिऱ्हाईक झाडाची उंची बघत नाही, बुंधा बघतो. खाली रुंद आणि वर निमुळतं होत जाणारं खोड, चहूबाजूंना पसरलेली मुळं, यालाच पैसे मिळतात. उथळ ट्रेमध्ये मुळांना जागा नसते, त्यामुळे वाढ मंदावते आणि खोड भरत नाही. पेन्सिलीएवढं रोप ट्रेमध्ये लावलंत तर चार वर्षांनीही ते जेमतेम बोटाएवढंच राहील.

आपल्या हवेत सुरुवातीला नांदरूकच घ्या, हा वडाच्याच कुळातला. पान लहान, पारंब्या सहज सुटतात, छाटणी सोसतो आणि चूकही सोसतो. जोडीला जेड आणि कामिनी ठेवा. वड-पिंपळाची पानं मोठी, त्यांना हात बसल्यावर घ्या. पाइनचा मात्र मोह नको, त्याला पुण्या-मुंबईची थंडी पुरत नाही.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की नांदरुकाची पेन्सिलीएवढी फांदी वीतभर कापून लावा. मुळं धरली की पुढच्या पावसाळ्यात बारा इंची कुंडीत हलवा. लावताना मुळांखाली फरशीचा सपाट तुकडा ठेवा आणि मुळं त्यावर पंख्यासारखी पसरा. तुकड्यामुळे ती खाली न जाता आडवी जातात आणि बुंधा रुंदावतो. खालची एक फांदी मुद्दाम मोकाट वाढू द्या. ती जितकी पानं धरेल तितकं खालचं खोड भरेल, काम झालं की ती कापून टाकायची. या काळात वरचा आकार घडवत बसलात की खोडाची वाढ थांबते.

वेळ वाचवायचा असेल तर भिंतीतली झाडं काढा. जुन्या वाड्याच्या भिंतीत, गच्चीच्या पन्हाळीपाशी वड-पिंपळ-उंबर उगवतात, आणि तिथे खुरटून त्यांचा बुंधा आयताच जाड झालेला असतो. मालकाला विचारून काढा. जंगलातून मात्र काहीही उपटू नका. राखीव वनातलं झाड काढणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे.

भिंतीतलं झाड ओढायचं नाही. ओढलं की मुळाची साल भिंतीत राहते आणि हातात नुसतं लाकूड येतं. छिन्नीनं भोवतालचा चुना सोडवत जा. खोड वीतभर ठेवून वरचं कापा, पानं काढा, चीक पाण्यानं धुवा, चिरडलेली मुळं धारदार सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) स्वच्छ छाटा. मग निव्वळ जाड वाळूत उभं करा, हलणार नाही असं सुतळीनं बांधा, वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवा आणि सावलीत ठेवा. तीन ते पाच आठवड्यांत फुटवे येतात.

सगळ्यात जास्त झाडं इथेच जातात. पहिले फुटवे खोडातल्या साठ्यावर येतात, मुळं तोवर फुटलेलीच नसतात. हिरवं दिसलं म्हणून झाड उन्हात आणलं किंवा कुंडी बदलली की दोन दिवसांत फुटवे माना टाकतात. पहिली पानं जून होऊन पुन्हा नवी पालवी येईपर्यंत थांबा, मग पिशवी थोडी थोडी उघडत जा. तोवर खत देऊ नका आणि मुळं आलीत का हे बघायला झाड उचलू नका.

मातीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. पाणी झिरपून गेल्यावरही तळाशी ओल्या मातीचा एक थर उरतोच. कुंडी खोल असो की उथळ, माती तीच असेल तर त्या थराची जाडी जवळपास तेवढीच असते. खोल कुंडीत मुळं त्याच्या वर राहतात. पाच सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये तो थर अर्धी जागा खातो आणि पावसाळ्यात मुळं कुजतात. तळाशी खडी घालून हे टळत नाही, उलट ओला थर आणखी वर सरकतो. उपाय एकच, माती रवाळ हवी. पाच भाग विटांचा चुरा, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन भाग लाल माती. चुरा दोन ते पाच मिलिमीटरचा घ्या, खालची भुकटी चाळून फेका. वीट पक्की भाजलेली हवी, कच्च्या विटेचा वर्षभरात चिखल होतो.

फांद्यांना वळण द्यायला गुंडाळायची तर ॲल्युमिनियमची तार चांगली, जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश. पावसाळ्यात नांदरूक इतका भराभर वाढतो की महिन्याभरात तार सालीत रुतू लागते, म्हणून दर आठवड्याला बघा. काढताना उलगडू नका, तुकडे करून काढा. रुतलेल्या तारेचा वळ वर्षानुवर्षं दिसतो आणि भाव पाडतो. नांदरुकाची पानं मधोमध मिटून जांभळे ठिपके दिसले की आत थ्रिप्स, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असतात. मिटलेल्या पानात फवारा पोचत नाही. ती पानं खुडून पिशवीत बांधून टाका, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून नव्या पालवीवर फवारा.

आता पैशांचं. विक्रीसाठी पूर्ण पाच वर्षं थांबायची गरज नाही. तिसऱ्या वर्षी बुंधा भरलेली, अजून साध्या कुंडीतच असलेली झाडं शौकिनांना विका. त्यांना स्वतः आकार द्यायचा असतो आणि तुमचा ट्रेचा खर्च वाचतो. उत्तम बुंध्याची थोडी झाडं मात्र राखून ठेवा, पुढे नाव त्यांच्यावरच होतं. दर ठरवताना खत, तार, कुंडी यांच्याबरोबर रोजच्या पाण्याचे आणि हाताचे पैसेही धरा, ते सोडले की धंदा तोट्यातच जातो.

ट्रेमध्ये बदललेलं झाड निदान दोन महिने विकू नका. खोड धरून हळूच हलवा, डुगडुगलं तर मुळं अजून बसलेली नाहीत. आणि देताना गिऱ्हाइकाला लिहूनच द्या: झाड बाल्कनीत, उजेडात ठेवायचं, दिवाणखान्यात पाहुणे आले तर एक-दोन दिवस. मातीचा वरचा थर सुकला की ट्रेच्या भोकातून निघेपर्यंत पाणी, एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ. नुसतं फवारून चालणार नाही. दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, मुळं छाटायला झाड परत आणायला सांगा आणि त्या कामाचा दर आजच कळवून ठेवा.