त्रेचाळीस वर्षांनंतरचा रविवार

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५, सिडनी

उद्या इथे रग्बी लीगचा अंतिम सामना. ब्रिस्बेन ब्रॉन्कोज विरुद्ध मेलबर्न स्टॉर्म. साऊथ सिडनी यंदा पहिल्या आठातही आले नाहीत, पण आठवडाभर माझ्या डोक्यात साऊथ्सच घोळत आहेत. उद्याची तारीख त्यांची आहे. २०१४ सालीही ५ ऑक्टोबरला रविवार होता आणि त्या संध्याकाळी त्यांनी त्रेचाळीस वर्षांनी विजेतेपद मिळवलं.

साताऱ्याहून बाबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना हेच सांगत बसले. बाबा तरुणपणी कबड्डी खेळलेले, त्यामुळे त्यांना हा खेळ समजवायला फार वेळ लागत नाही. तेरा-तेरा खेळाडू, चेंडू हातात घेऊन थेट समोरच्यांच्या पकडीत शिरायचं, आणि अशा सहा पकडींत काही साधलं नाही तर चेंडू दुसऱ्यांचा. "म्हणजे दम सहा वेळा मिळतो," बाबा म्हणाले. "पण मग तुझ्या त्या संघाला त्रेचाळीस वर्षं का लागली गं?"

फोनवर नीट सांगता आलं नाही. इथे लिहिते.

साऊथ्सची स्थापना १७ जानेवारी १९०८ रोजी रेडफर्नच्या टाऊन हॉलमध्ये झाली आणि त्याच वर्षी, स्पर्धेच्या पहिल्याच मोसमात, ते विजेते ठरले. रेडफर्न तेव्हा रेल्वेच्या कारखान्यांचं, कामगारांचं उपनगर होतं. पुढे ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळनिवासी, समाजाची शहरातली मोठी वस्तीही इथेच झाली. गल्लोगल्ली "रॅबिटो" अशी हाळी देत सशाचं मटण विकणारे फेरीवाले फिरत, त्यांच्यावरून संघाला रॅबिटोज नाव पडलं असं म्हणतात. लाल-हिरवा पोशाख. १९७१ पर्यंत वीस विजेतेपदं, म्हणजे या खेळात त्यांच्याएवढं कुणीच जिंकलेलं नव्हतं. मग पैसा आटला, चांगले खेळाडू श्रीमंत क्लबांकडे गेले आणि विजेतेपदं थांबली.

खरा घाव १९९९ चा. नव्वदच्या दशकात प्रक्षेपणाच्या हक्कांवरून दोन बड्या माध्यमसमूहांत भांडण जुंपलं, खेळाच्याच दोन चिरफळ्या झाल्या. पुढे तह झाला तेव्हा ठरलं की २००० पासून चौदाच क्लब ठेवायचे. प्रेक्षक, प्रायोजक, जिंकलेले सामने असे निकष लावून गुण दिले गेले, आणि त्या हिशेबात साऊथ्स बाद झाले. एक्क्याण्णव वर्षांचा क्लब एका तक्त्यावरून पुसला गेला.

मला इथेच राग येतो, अजून येतो. प्रेक्षक किती हे मोजता येतं. पण मैदानापासून चार गल्ल्यांवर राहणारी माणसं पिढ्यानपिढ्या रविवारी काय करतात, ते कुठल्या रकान्यात भरणार?

पुढचं सगळ्यांना ठाऊक असायला हवं. क्लबचे अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स, साऊथ्सचेच जुने खेळाडू, न्यायालयात गेले. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या रस्त्यांवर मोर्चा निघाला, सुमारे ऐंशी हजार माणसांचा. एका हरणाऱ्या क्लबासाठी! जुलै २००१ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने साऊथ्सच्या बाजूने निकाल दिला आणि २००२ च्या मोसमात ते परत मैदानात उतरले. (२००३ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल फिरवला, पण तोवर संघ आत आलेला होता आणि आतच राहिला.)

परत आले ते हरण्यासाठीच जणू. २००३, २००४, २००६, तिन्ही मोसमांत सगळ्यात तळाला.

रविवार, ५ ऑक्टोबर

सकाळी घड्याळं एक तास पुढे गेली. आजचा अंतिम सामना संध्याकाळी, म्हणून दुपारी २०१४ चं चित्रीकरण लावलं.

त्या मोसमात साऊथ्स गुणतक्त्यात तिसरे होते. त्याआधीची दोन्ही वर्षं ते अंतिम सामन्याच्या एक पायरी आधी हरले होते, २०१२ ला बुलडॉग्जकडून, २०१३ ला मॅनलीकडून. तिसऱ्यांदा त्याच पायरीवर समोर आले सिडनी रूस्टर्स: शेजारचे, जुने वैरी, आदल्या वर्षीचे विजेते. साऊथ्स सुरुवातीला मागे पडले आणि तरी ३२-२२ ने जिंकले. इथल्या जुन्या लोकांना अंतिम सामन्याइतकाच तो विजय आठवतो, आणि मला ते पटतं. दोनदा तोंडचा घास गेलेल्या संघाला तिसऱ्यांदा त्याच जागी उभं राहणं फार अवघड असतं. प्रशिक्षक मायकेल मॅग्वायर २०१२ ला आले तेव्हापासून त्यांनी संघाकडून पकडी आणि धावा घोटून घेतल्या होत्या. त्या मेहनतीचं फळ त्या रात्री दिसलं.

अंतिम सामना बुलडॉग्जशी, ८३,८३३ प्रेक्षक. खेळ सुरू होतो, पहिलाच चेंडू घेऊन सॅम बर्जेस धावतो, समोरून त्याचाच इंग्लंड संघातला सहकारी जेम्स ग्रॅहॅम येतो, डोक्याला डोकं आपटतं. सॅमच्या गालाचं हाड मोडलं. त्यानंतर तो पूर्ण ऐंशी मिनिटं खेळला, आणि सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळालं. चर्चिल हे साऊथ्सचेच महान फुलबॅक, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभे राहून खेळणारे. १९७० च्या अंतिम सामन्यात कर्णधार जॉन सॅटलर मोडक्या जबड्याने जवळजवळ अख्खा सामना खेळले होते, त्यामुळे लोकांनी लगेच दोन्ही गोष्टी जोडल्या.

आज सॅमचा सुजलेला डोळा बघताना मला नुसता अभिमान वाटला नाही. सॅटलर २०२३ मध्ये गेले, शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. त्यांच्या आजाराचं कारण सांगणारी मी कोण, पण वर्षानुवर्षं डोक्याला बसणारे मार मेंदूचं काय करतात ते आता वैद्यकशास्त्र सांगतं आहे, आणि आज कुणाच्या डोक्याला असा दणका बसला तर डॉक्टर त्याला बाहेर बोलावून तपासतात. ते बरंच झालं. सॅमचं धैर्य मी मानते. पण माझ्या मुलाने असं खेळावं असं मला वाटणार नाही.

मध्यंतराला ६-०. पहिली ट्राय, म्हणजे समोरच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं, साऊथ्सच्या ॲलेक्स जॉन्स्टनची, सिडनीतल्याच ला पेरूजचा एकोणीस वर्षांचा पोरगा. उत्तरार्धात बुलडॉग्जनी ६-६ केलं आणि स्टेडियम गप्प झालं. त्रेचाळीस वर्षांची सवय होती ना, आता निसटणार असंच प्रत्येकाला वाटलं असणार. मग सॅमचा धाकटा भाऊ जॉर्ज बर्जेस चेंडू घेऊन निघाला आणि अंगावर येणाऱ्यांना झटकत थेट रेषेपलीकडे पडला. तिथून सामना फुटला. शेवट ३०-६. अखेरची ट्राय ग्रेग इंग्लिसची, आणि ती टाकल्यावर त्याचं घोरपडीसारखं सरपटत जाणं, आपल्या ॲबोरिजिनल मुळांना केलेला तो नमस्कार. मी तेवढा भाग पुन्हा लावला.

एक माणूस मात्र त्या रात्री मैदानावर नव्हता. नेथन मेरिट, रेडफर्नचाच, तळाला असलेल्या वर्षांत ट्राय टाकत राहिलेला, तेव्हाचा क्लबचा विक्रमवीर. २०१४ पर्यंत त्याची जागा गेली होती आणि तो निवृत्त झाला. पुढे त्याचा विक्रम मोडला तो याच जॉन्स्टनने. निवड योग्यच असेल, पण मेरिटला त्या विजेतेपदाचा वाटा मिळायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सुट्टी. रेडफर्न ओव्हलला चक्कर मारून आले. मैदानाभोवती लोक कुत्री फिरवत होते, आजूबाजूच्या जुन्या कामगार-घरांच्या आजच्या किमती ऐकून धडकी भरते.

काल लिहायचं राहिलं ते २००६ चं. त्या वर्षी रसेल क्रो हा नट, लहानपणापासूनचा साऊथ्सवाला, आणि पीटर होम्स अ कोर्ट यांनी तीस लाख डॉलर देऊन क्लबचा ७५ टक्के हिस्सा मागितला. सभासदांचं मतदान झालं. ७५ टक्के होकार लागणार होता, मिळाला ७५.८. पिगिन्स यांचा विरोध होता. ज्या माणसाने क्लब लोकांचा राहावा म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याला तो विकला जाताना काय वाटलं असेल!

मी तेव्हा सभासद असते तर? दोन दिवस विचार करते आहे. त्या पैशांशिवाय बर्जेस भाऊ आले नसते, इंग्लिस आला नसता, २०१४ झालं नसतं. मी बहुधा होकार दिला असता, आणि पिगिन्सना तोंड दाखवायची हिंमत मला झाली नसती. पण २००० साली रस्त्यावर कुणी उतरलं नसतं तर २००६ मध्ये विकत घ्यायला क्लबच उरला नसता, हे क्रोचं कौतुक करणारे विसरतात. विजेतेपदाचा पहिला मान मी मोर्चातल्या माणसांना देते.

आणि दुसरा जॉन सटनला. त्याच परिसरात वाढलेला, २००४ ला संघात आला तो संघ तळाला असताना. २००६ ला पुन्हा तळाला. दुसरीकडे जाता आलं असतं, गेला नाही. २०१४ ला करंडक उचलणारा कर्णधार तोच होता. २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ३३६ सामने झाले होते, सगळे साऊथ्ससाठी, क्लबचा विक्रम.

बाबांना रात्री त्या सामन्याचा उत्तरार्ध पाठवला. अजून उत्तर नाही, तिकडे दुपारची झोप चालू असेल.