बाईंचा ब्रेलचा तास

आपल्या अंधशाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी मनोगत लिहावं, असं संस्थेचं पत्र आलं. पत्राचा फोटो काढून तो व्हॉट्सॲपवर टाकलेला, आणि फोटोतली मराठी फोन नीट वाचून दाखवत नाही. तेव्हा कार्यालयाला आधी एक विनंती: पुढचं पत्र टाइप करून पाठवा. आम्हाला ब्रेल शिकवणाऱ्या बाई असत्या तर त्यांनी ते ब्रेलमध्ये टोचून, पाकिटावर तसं लिहून, तिकीट न लावता पोस्टात टाकलं असतं. ब्रेलच्या टपालाला पोस्ट पैसे घेत नाही, हे शाळेत आम्हाला पाढ्यांच्या आधी माहीत झालं होतं.

शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. वसतिगृहाची पहाटेची घंटा, वेतकामाचं वर्कशॉप, सरांचा तबला, गॅदरिंगचा ऑर्केस्ट्रा हे सगळ्यांच्या लेखांत येणार. मला ब्रेलच्या तासावर लिहायचंय, म्हणजे बाईंवरच.

नव्या मुलाच्या हातात बाई ब्रेल लिहायची पाटी लगेच देत नसत. आधी ताटात ज्वारी, मूग आणि मोहरी एकत्र करून निवडायला बसवत. नंतर सहा भोकांची लाकडी फळी आणि खुंट्या. खेड्यातून आलेलं पोर बहुधा घरच्यांनी जपून, एका जागी बसवून ठेवलेलं असायचं. त्याच्या बोटांना काही शोधायची सवयच नसे. मग वाचन, आणि वाचन पक्कं झाल्यावर लेखन. दोन्ही एकदम सुरू करायला बाईंचा ठाम विरोध होता. कारण ब्रेल लिहायचं ते उलटं.

ब्रेलचं एक घर म्हणजे सहा टिंबांची जागा. वाचताना डाव्या उभ्या रांगेत वरून खाली 1, 2, 3 आणि उजव्या रांगेत 4, 5, 6. लिहिताना कागदाच्या पाठीवर टोचायचं, म्हणजे टिंब पलीकडच्या बाजूला वर येतं. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि 1, 2, 3 ची रांगही उजवीकडे. ही अदलाबदल डोक्यात न बसलेल्या मुलाचा क (1-3) कागदावर ख (4-6) होऊन येतो. ब (1-2) चा भ (4-5) होतो, ल (1-2-3) चा ळ (4-5-6), ह चा ज, इ चा ए. 'कल' लिहायला गेलं की 'खळ' उमटतं. ब्रेलची सवय नसलेला मास्तर या मुलाला शुद्धलेखन येत नाही म्हणून मोकळा होतो. बाई कागदावरून एकदा बोट फिरवत आणि म्हणत, "शुद्धलेखन बरोबर हाय की रे तुझं. रांग चुकवालास."

यावर त्यांचा उपाय म्हणजे क टोचायला शिकवला त्याच दिवशी ख, ब च्या दिवशी भ. एकमेकांत गोंधळ होणारी अक्षरं लांब लांब शिकवावीत, असं प्रशिक्षणात सांगतात. वाचनाला ते लागू असेल. लिहिण्यापुरतं बाईंचंच बरोबर, या मतावर मी अजून आहे.

बाई डोळस होत्या, पण वह्या तपासायच्या त्या बोटानेच. दबलेलं टिंबही उजेडात सावलीमुळे डोळ्याला दिसतं, बोटाला मात्र लागत नाही. डोळ्याने तपासणारा शिक्षक अशा ओळीला पूर्ण मार्क देतो, आणि महिन्याने मुलाला स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नाही. टिंबाची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. साधा वहीचा कागद टोच्याने, म्हणजे टिंबं पाडायच्या टोकदार हत्याराने, फाटतो तरी, नाहीतर टिंब दोन वाचनांत बसतं. कागद जाड, 120 ते 140 जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) हवा. त्यात आपला पावसाळा. हवेतला ओलावा पिऊन कागद मऊ पडला की टिंबाला उभारीच येत नाही. म्हणून जूनच्या आधी सगळा कागद पत्र्याच्या ट्रंकेत जाई आणि तासाला लागेल तेवढाच बाहेर निघे. लिहिलेले कागद एकावर एक रचून वर वजन ठेवायला बंदी होती; ब्रेलची पुस्तकं कपाटात उभीच ठेवायची.

टोचा उभा धरायचा. मुठीचा गोल भाग तर्जनीच्या पेरात बसवायचा, दाब मनगटाचा. टोचा तिरका झाला की टिंबाऐवजी भोक पडतं. चूक झाली तर कागद उलटून टिंब बोथट टोकाने दाबून बसवता येतं, पण त्याची खूण राहतेच आणि तिथे वाचणारं बोट अडखळतं. म्हणून बाई खोडू देत नसत. चुकलेल्या घरात सहाही टिंबं मारा आणि शब्द पुन्हा लिहा. आता हे सहा टिंबांचं घर म्हणजे ढ. चूक केली की वहीत ढ! कोणाची वही ढ ने भरलीय यावर वर्गात भरपूर चिडवाचिडवी चाले, आणि बाई ती चालू देत.

गणिताला टेलर फ्रेम होती. अष्टकोनी भोकांच्या पाटीत धातूचे चौकोनी टाइप आठ दिशांनी बसतात. एका टोकाला आडवी कड, दुसऱ्या टोकाला दोन टिंबं, त्यामुळे एकाच टाइपातून सोळा खुणा निघतात: दहा अंक आणि उरलेल्यांत बेरीज-वजाबाकीच्या वगैरे. हातातून टाइप पडला की घरंगळत बाकाखाली जाई. तास संपताना टाइप मोजून दिल्याशिवाय मधली सुट्टी मिळत नसे.

आता मुख्य गोष्ट. आपल्या सीमाभागात मराठी की कन्नड या वादात दुकानांच्या, गावांच्या पाट्यांवरून काय काय घडलंय ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको. ब्रेलच्या वर्गात तो प्रश्न येतच नसे. त्याचं कारण भारती ब्रेल. 1951 साली भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरलं: आवाज तोच तर टिंबं तीच, डोळसांची लिपी कुठलीही असो. मराठी क 1-3, कन्नड क सुद्धा 1-3. मराठी ळ 4-5-6, कन्नड ळ सुद्धा. डोळस मुलाला कन्नड शिकताना सगळी वर्णमाला नव्याने गिरवावी लागते. आम्हाला नव्याने लागली ती ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ ही दोन अक्षरं.

पण हे असं सांगून कोणाला पटत नाही. चौथीच्या वर्गात अथणीकडचा एक मुलगा नवीन आला होता. घरी कन्नड, मराठीचा शब्द नाही. त्याच्या शेजारी खानापूरच्या जंगलपट्ट्यातला एक, त्याला कन्नड अजिबात नाही. एके दिवशी बाकावर पडलेला कागद आपलाच समजून खानापूरवाल्याने मोठ्याने वाचायला घेतला. पहिला शब्द 'पुस्तक'. सहा घरं: प, उ, हलन्त, स, त, क. ब्रेलमध्ये हलन्ताचं टिंब (4) जोडाक्षराच्या आधी येतं, आणि वेलांटी असो की उकार, स्वर नेहमी व्यंजनाच्या मागून. छापील अक्षरांत मराठी आणि कन्नड जोडाक्षरांची मांडणी वेगवेगळी. टिंबांत ती एकच. त्यामुळे पोरगा बिनधास्त वाचत सुटला. अथणीवाल्याने त्याला लगेच अडवलं: "पुस्तक नव्हे, पुस्तका." कन्नडमध्ये शेवटचा अ पूर्ण उच्चारतात. हा म्हणे कागद माझा, तो म्हणे माझा. पुढच्या ओळीत 'एले' आलं, कन्नडमध्ये झाडाचं पान. त्यातला ऱ्हस्व ए खानापूरवाल्याच्या बोटाला ओळखीचा लागेना, तेव्हा कुठे त्याने कागद सोडला.

बाईंनी भांडण मिटवलं नाही. खानापूरवाल्याचा मराठीचा कागद त्यांनी अथणीवाल्याच्या हातात दिला. त्याने 'चाक' चं 'च्याक' केलं आणि वर्ग हसून लोळला. अक्षर एकच असलं तरी 'चाक' आणि 'चहा' यांतले दोन च वेगळे, हे कन्नड घरच्या मुलाला कोण सांगणार? पुढच्या आठवड्यापासून तासाची शेवटची दहा मिनिटं कागदांच्या अदलाबदलीची ठरली. अर्थ विचारायचा नाही, नुसतं वाचायचं. अर्थ संध्याकाळी वसतिगृहात एकमेकांकडून आपोआप कळायचा, शिव्यांसकट. आपल्या शाळेची मुलं कन्नडच्या पेपरला घाबरत नाहीत, असं इतर शाळांचे शिक्षक नवलाने म्हणत. त्यामागे ही दहा मिनिटं होती.

पेपरावरून आठवलं. परीक्षेत मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा लेखनिक मिळवणं हेसुद्धा बाईंचंच काम. लेखनिकाला त्या आधी दोन-तीनदा बोलावून बसवत. प्रश्न पूर्ण वाचायचा, मार्कांसकट. उत्तर मुलगा सांगेल त्याच शब्दांत लिहायचं, सुधारायचं नाही. जोडाक्षर अडलं तर विचारायचं. मराठीच्या पेपरला एक आणि कन्नडच्या पेपरला दुसरा लेखनिक मिळावा म्हणून त्या अर्ज घेऊन फिरत, तेव्हा समोरचे लोक हसत. पुढे केंद्र सरकारच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत, विशेषतः भाषांच्या पेपरांसाठी, एकापेक्षा जास्त लेखनिक घेण्याची मुभा आली. तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळही त्यातच आला, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पालकांनी आता चालू असलेला नियम छापून आधीच परीक्षा केंद्रावर द्यावा. पेपरच्या दिवशी सकाळी वाद घालून काही मिळत नाही. सीमेपलीकडून, चंदगड-गडहिंग्लज भागातून येणाऱ्या मुलांना दाखल्याची अडचण यायची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचं प्रमाणपत्र देशभर ग्राह्य धरलंय, तरी 'आपल्या राज्याचा दाखला आणा' असं सांगणारे भेटतात. त्यांच्यासमोर कलम 58 ठेवायचं.

आमच्या बॅचचे दोघे बँकेत आहेत, एकजण हायस्कूलवर इतिहास शिकवतो, तो अथणीवाला हुबळीला रेल्वेत. मी निपाणी भागात एका स्वयंसेवी संस्थेत, मध्यम वयात दृष्टी गेलेल्या माणसांबरोबर काम करतो. यांतल्या बऱ्याच जणांची नजर मधुमेहाने गेलेली असते आणि त्याच मधुमेहाने बोटांची जाणीवही कमी झालेली असते. म्हणून इथेही पहिल्या दिवशी ताटात ज्वारी आणि मोहरी. मोहरी बोटाला लागली तर ब्रेल, नाही लागली तर मोठ्या टिंबांचं ब्रेल किंवा नुसता आवाज. ऊसतोड केलेल्या हाताला घट्टे असतात, पण ते बहुतेक तळहाताला. ब्रेल वाचायचं ते बोटाच्या अगदी टोकाने नाही, त्याच्या जरा मागच्या मऊ भागाने, आणि तो भाग बहुधा शाबूत असतो. माणसं दाबून वाचतात किंवा एकाच अक्षरावर वरखाली घासत बसतात. घासलं की टिंबं मोजता येतात, आकार कळत नाही. बोट हलकं ठेवून आडवंच न्यायचं.

मोठ्या माणसाला अक्षरांआधी पैसे हवे असतात. आताच्या नोटांची लांबी अशी: 50 ची 135 मिलिमीटर, 100 ची 142, 200 ची 146, 500 ची 150, आणि रुंदी चारींची 66. म्हणजे 200 आणि 500 मध्ये फक्त चार मिलिमीटरचा फरक. बाजाराच्या घाईत तो कळत नाही, आणि नोट मळली की कडेच्या उठावदार रेघाही बसतात. म्हणून नोट हातात येते तेव्हाच घडी ठरवायची: 100 सरळ, 200 आडवी दुमडून, 500 दोनदा. रिझर्व्ह बँकेचं मणि ॲप नोट ओळखतं, पण भाजीवालीसमोर फोन काढून उजेड शोधत बसायला कोणाला आवडतं?

फोनविषयी मी जरा कडू बोलणार आहे. फोन आणि संगणक वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅक आणि एनव्हीडीएने आमचं जग मोठं केलं, मी स्वतः दिवसभर तेच वापरतो. पण आता शाळेतून येणारी मुलं नुसती ऐकतात. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. बोटाला मात्र इ (2-4) आणि ई (3-5) कधीच सारखे लागत नाहीत. 'सुत' आणि 'सूत' यांचंही तेच. दहावी झालेल्या मुलाला अर्जावर स्वतःच्या गावाचं नाव धड लिहिता येत नाही, आणि त्याला हुशार म्हणायचं? गेल्या खेपेला शाळेत आलो तेव्हा टेलर फ्रेमा कपाटाच्या तळाशी होत्या आणि ब्रेलचा तास आठवड्यातून दोनवर आलेला. कागदांची अदलाबदल तर कोणाला आठवतही नाही. शिक्षक कमी आहेत, मान्य. बाईही एकट्याच होत्या.

स्मरणिका वाचणाऱ्या गावकऱ्यांसाठी शेवटी कामाचं. ब्रेलचा कागद महाग पडतो, सरावाला जुनी कॅलेंडरं चालतात. जानेवारीत ती रद्दीत देऊ नका, शाळेत पोहोचवा. बँका आणि पतसंस्था वाटतात तसली जाड, गुळगुळीत कागदाची हवीत. पातळ पानं टोच्याखाली फाटतात. वरची पत्र्याची पट्टी किंवा तारेची स्प्रिंग आधी काढून टाका, पोरांची बोटं कापतात. गुंडाळी करू नका, कागद पाटीवर सपाट बसत नाही. घडी तर मुळीच नको, घडीवर पडलेलं टिंब वाचता येत नाही. गठ्ठा सुतळीने सैल बांधा. रबर लावलं की कडा दुमडतात.