पोहत गेला काय, काका?

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात मी शाळेच्या पोरांना खारफुटी दाखवत हिंडतो. पोरं निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) बघून कंटाळली की माझी एक ठरलेली गोष्ट असते. न्यूझीलंडचं स्टीफन्स बेट, जेमतेम दीड चौरस किलोमीटर. आपलं अभयारण्यसुद्धा त्याहून थोडं मोठं, १.७८. तिथे १८९४ साली दीपगृह पेटलं आणि माणसांबरोबर मांजर आलं. ते एकेक चिमुकला पक्षी मारून आणी. डेव्हिड लायल नावाच्या मदतनीसाने ते जपून ठेवले. जगाला ठाऊक नसलेला, उडता न येणारा पक्षी! त्याला लायलचं नाव मिळालं, पण तोवर तो संपत आला होता. ‘एका मांजराने अख्खी जात खाल्ली,’ असं म्हटलं की पोरं हमखास गप्प होतात.

परवा डिचोलीकडची पाचवी आली होती. सगळे गप्प झाले आणि एका मुलीने विचारलं, “काका, उडता येत नव्हतं तर तो बेटावर गेला कसा? पोहत?”

“बोटीतून, मांजरासारखा,” मी म्हटलं. सगळे हसले, ती सोडून.

इतकी वर्षं सांगतोय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी रायबंदरच्या फेरीबोटीत बसूनही तेच. रात्री वाचत बसलो. पक्षी मुळी त्या बेटाचा नव्हताच. न्यूझीलंडच्या दोन्ही मोठ्या बेटांवर त्याची हाडं सापडलीत. हिमयुगात समुद्र खाली होता, तेव्हा स्टीफन्स जमिनीला जोडलेलं. पाणी चढलं तसे तिथले पक्षी तिथेच अडकले. पुढे माओरींच्या पूर्वजांच्या होड्यांतून उंदीर आले आणि बाकी सगळीकडचे पक्षी संपले. स्टीफन्सवर उंदीर पोचले नव्हते, म्हणून तेवढे वाचले. लायलने तो जिवंत फक्त दोनदा पाहिला, खडकांमधून उंदरासारखा पळताना. आणि मांजरही एकटं नव्हतं. रानात त्यांची पैदास झाली होती. शेवटचं मांजर मारायला १९२५ उजाडलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. तिने सगळं ऐकलं.

“म्हणजे आधी उंदीर, मग मांजरं. मग तुम्ही एकच मांजर का सांगता?”

“गोष्ट रंगते गं तशी.”

पलीकडे बाईंचं हसू ऐकू आलं.