रामटेक, नगरधन आणि पोट्ट्यांची दिवाळीची सुट्टी

रामटेकच्या गडावर दगडाचा तो मोठा वराह आहे नं, त्याच्या पोटाखालून आमची बारकी भाची चार वेळा सरपटत गेली. आपल्याकडं म्हणतात की ज्यानं पाप केलं असेल तो मधातच अडकतो. भाचा दहा वर्षांचा, तो बाहेरच उभा राहून विचार करून राहिला होता, कारण सकाळीच त्यानं बहिणीच्या डब्यातल्या दोन करंज्या खाल्ल्या होत्या. शेवटी आई, म्हणजे त्याची आजी, म्हणाली "जा रे बाप्पा, करंजीचं पाप नाही लागत," तेव्हा कुठं वाकला आणि सरळ पलीकडं निघाला. त्याच्या तोंडावरचा तो आनंद पाहून मला वाटलं की हे लिहायलाच पाहिजे, कारण नागपूरच्या लोकांना आमच्याकडं लेकरांना घेऊन यायचं म्हटलं की एकच गोष्ट सुचते, वाघ.

झालं असं की दिवाळीच्या आधी दादाचा फोन आला, सफारीचं बुकिंग मिळून नाही राहिलं, सगळं फुल आहे, मुलं नाराज झाली, आता मॉलमध्येच नेतो एखाद्या दिवशी. मी म्हटलं दादा तू सफारीचं सोड, दोन दिवस इकडं ये, आईलाही आण, वाघ नाही दिसणार पण पोट्टे परत जायचं नाव नाही काढणार. आमचं गाव रामटेक तालुक्यातच, नगरधनपासून जवळ. नागपूरवरून रामटेक ५० किलोमीटरच्या आसपास, गाडीनं सव्वा-दीड तास, एसटी आहे, रेल्वेही आहे जी रामटेकलाच संपते. लेकरांना रेल्वेनं आणाल तर त्यांची अर्धी मजा तिथंच होते, फक्त गाड्या मोजक्या असतात म्हणून वेळ बघून निघा.

पहिले गड. आईचे गुडघे दुखतात म्हणून दादा काळजीत होता पण वर बऱ्याच अंतरापर्यंत गाडी जाते, मग थोड्याच पायऱ्या राहतात, त्या तिनं माझा हात धरून सावकाश चढल्या. सकाळी आठच्या आत पोचा असं मी सगळ्यांनाच सांगते, ऊन कमी असतं, गर्दी नसते आणि वानरंही जरा शांत असतात. वानरांचं मनावर घ्या, हातात चिप्सचं पॅकेट किंवा प्रसादाची पिशवी लोंबकळत ठेवू नका. वहिनीच्या हातातून एकानं केळं नेलं आणि बारकी घाबरून रडली, वानर काही करत नाही पण एवढ्याशा लेकराला ते कसं समजणार. खाऊ बॅगमध्ये, बॅगची चेन बंद, एवढं केलं की झालं.

रामाच्या दर्शनाला सगळेच जातात पण वराहाजवळ आणि नरसिंहाच्या दोन जुन्या मंदिरांजवळ फारसं कोणी थांबत नाही, आणि मला तर तिथंच थांबायचं असतं. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह, दोन्ही वाकाटकांच्या, म्हणजे तेव्हा विदर्भावर राज्य करणाऱ्या घराण्याच्या, काळातले म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचे. आतला नरसिंह एवढा मोठा आणि इतका आरामात बसलेला आहे की भाची म्हणाली "आत्या, हा जेवून बसला का?" आणि खरंच तसंच वाटतं. यातल्या केवल नरसिंहाच्या मंदिरात एक शिलालेख आहे आणि त्यात प्रभावतीगुप्ता राणीच्या घरची हकीकत येते. या बाईबद्दल मला शाळेत कोणीच सांगितलं नव्हतं, मी नगरधनच्या वाटेवरून बारा वर्षं शाळेत गेली तरी नाही, म्हणून मी आता भेटेल त्याला सांगते.

प्रभावती ही गुप्त राजा दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, इकडं वाकाटकांच्या घरी रुद्रसेन दुसरा याला दिली. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, तर तिनं स्वतः राज्य सांभाळलं, कुठून तर नंदिवर्धनवरून, म्हणजे आपल्या या नगरधनवरून! पुण्याला तिचा जो ताम्रपट मिळाला तो नंदिवर्धनवरूनच दिलेला आहे, आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला दुसरा मिळाला त्यात रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून दिला असं लिहिलं आहे. रामगिरी म्हणजे हाच गड. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तोही हाच, असं इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. गडावर कालिदासाचं स्मारक आहे, तिथं त्याच्या नाटका-काव्यांतले प्रसंग चितारलेले आहेत, मुलं पाच मिनिटांत पाहून मोकळी झाली पण आई प्रत्येक चित्रासमोर उभी राहिली आणि खाली पसरलेलं धानाचं शिवार बघत बसली. तिला बसू द्यायचं होतं म्हणून आम्ही पुढचा कार्यक्रम अर्धा तास ढकलला. म्हातारं माणूस सोबत असलं की असा अर्धा तास आधीच धरून चला.

तिथून खिंडसी. तलाव मोठा आणि देखणा, तिन्हीकडून टेकड्या, हिवाळ्यात पक्षी येतात. बोटिंग आहे. मागे एकदा दुसरीकडच्या एका तलावावर माझ्या पोराला मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट दिलं होतं, खांद्यावरून घसरत होतं, आणि मी म्हटलं तर "काही नाही होत ताई" एवढंच उत्तर. तेव्हापासून मी आधी लहान मापाचं जॅकेट हातात घेऊन लेकराला घालून पट्टा ओढून बघते, नसेल तर बोटीत बसत नाही, कोणी कितीही हट्ट करो. बाकी काठावर बसून शिंगाडे खाल्ले, ते तर रामटेकचेच. दिवाळीच्या आसपास रस्त्यानं टोपल्यांमधून उकडलेले काळे शिंगाडे घेऊन बाया बसलेल्या असतात, भाच्याला ते पाण्यात येतात हेच माहीत नव्हतं. मंग त्याला तळ्यात डोंग्यात बसून वेल उचलणारा ढिवर, म्हणजे मासेमार, दाखवला, पोट्टा एवढा गुंगला की बोटिंगपेक्षा तेच जास्त वेळ बघत होता.

दुपारी नगरधनचा किल्ला, रामटेकपासून ९ किलोमीटर. सपाटीवरचा किल्ला आहे, म्हणून आजीलाही चालतं आणि लेकरंही पळू शकतात. आजचे बुरूज-दरवाजे नागपूरच्या भोसल्यांच्या काळातले. आत पायऱ्या उतरून खाली गेलं की विहिरीत देवीचं ठाणं आहे, वरचं ऊन एकदम तुटतं आणि गार लागतं, बारकीनं तिथं माझा पदर नाही सोडला. आम्ही गेलो तेव्हा अख्ख्या किल्ल्यात आमच्याशिवाय दोन माणसं होती. दिवाळीच्या सुट्टीत! मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण २०१५ ते २०१८ मध्ये नगरधनला जे खोदकाम झालं त्यात प्रभावतीची मातीची मुद्रा सापडली, तिच्यावर ब्राह्मीत तिचं नाव आणि शंख आहे. राणीचा शिक्का आपल्या गावच्या मातीतून निघाला आणि आपण त्या गावातून हॉर्न वाजवत निघून जातो.

याच खोदकामात बांगड्या, मातीची चाकं, टकळीच्या चकत्या आणि खापराच्या गोल ठिकऱ्याही निघाल्या. मी भाचीला म्हटलं, तुम्ही अंगणात चौकोन आखून खेळता नं ठिकरी, तशी. तिला काही पत्ताच नव्हता कारण त्यांच्या बिल्डिंगमध्ये अंगणच नाही. मंग किल्ल्यातच काडीनं मातीत आठ घरं आखली आणि मी, वहिनी, दोन्ही लेकरं लंगडी घालत खेळलो, आई दगडावर बसून कोणाचा पाय रेषेवर पडला ते सांगत होती. भाचीला खाली एक खापराचा तुकडा दिसला, तिनं खिशात टाकला. मी परत ठेवायला लावला. जुन्या जागेवरचं काहीच उचलायचं नाही, छोटंसं खापरही नाही, कारण ते कुठं पडलं होतं यावरूनच तर अभ्यास करणाऱ्यांना कळते. ती रुसली पण ठेवला.

संध्याकाळी घरी. धान कापून झालं होतं, पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, लागले होते, आणि शेजारच्यांचं चुरणं, म्हणजे मळणी, सुरू होतं, तर पोट्टे तणसीवर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, उड्या मारून मारून असे माखले की दोनदा आंघोळ घालावी लागली. यांनी गोवऱ्यांवर रोडगे, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, लावले, मी वांग्याची भाजी आणि वरण केलं. मुलं तिखट खात नाहीत असं वहिनी म्हणत होती, भाच्यानं तुपात बुडवून तीन रोडगे खाल्ले. रात्री अंगणात खाटा टाकल्या आणि दिवे बंद केले. आमच्याकडून पुढं पेंचचं वाघांचं जंगल लागते, जानेवारी २०२४ मध्ये त्या जंगलाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा. आमच्या गावात तेवढा अंधार नाही पण नागपूरच्या लेकरांसाठी तेवढाही पुष्कळ होता. दादा आडवा पडून म्हणाला, लहानपणी आपण असेच झोपायचो नं, आणि मंग बराच वेळ कोणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी परत जाताना त्यांना मनसरला थांबायला लावलं, हायवेलाच आहे, वाकाटकांच्या काळातलं विटांचं मोठं बांधकाम टेकडीवर उघडं पडलेलं आहे. सावली कमी, पाणी सोबत ठेवा. एप्रिल-मे मध्ये मात्र यातलं काहीच करू नका, पारा ४५ च्या घरात जाते आणि लेकरं आजारी पडतात. पावसाळ्यानंतरपासून फेब्रुवारीपर्यंतच या.

निघायच्या आधी बारकी आमच्या पडवीतलं फुटकं कवेलू, म्हणजे छपराचं मातीचं कौल, घेऊन दगडावर घासत बसली होती. गाडी सुरू झाली तरी उठेना. गोल झाल्यावर मला दाखवलं, "आत्या, हे तर आपलंच आहे नं, हे नेऊ?" मी म्हटलं ने. काल वहिनीचा फोन होता, पार्किंगमध्ये खडूनं आठ घरं आखलेली आहेत आणि बिल्डिंगमधली अजून तीन पोरं खाली यायला लागली.