योग्यता नाही, तरी मेजाजवळ या

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीनं मिळून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, रविवार आला की काही माणसं बाकावरच बसून राहतात. सगळी रांग पुढं सरकते आणि ही माणसं मान खाली घालून गीतपुस्तक चाळत बसतात. कुणाचं भावाशी जमिनीवरून भांडण झालेलं असतं, कुणाची दारू सुटत नसते. कुणाला नेमकं काही सांगता येत नाही, पण 'तुझी लायकी नाही' एवढं एकच वाक्य मनात घोळत असतं. विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच: "पौलानंच लिहिलंय ना, अयोग्य प्रकारे खाल तर स्वतःवर दंड ओढवून घ्याल."

प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 11, वचनं 27 ते 29. तेवढीच वाचली तर कुणाच्याही पोटात गोळा येईल. म्हणून दहा वचनं मागं जावं आणि 17 व्यापासून सुरुवात करावी. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन खऱ्याखुऱ्या जेवणाबरोबर व्हायचं. त्यात ज्यांच्याकडं होतं ते आपलं आपलं आधीच खाऊन घ्यायचे. एक जण भुकेला राहतो आणि दुसरा झिंगतो, असं 21 व्या वचनात स्पष्ट लिहिलंय. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, हा 22 व्यातला सवाल आहे. आणि उपाय 33 व्यात: जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. म्हणजे पौल रागावलाय तो गरिबाला ताटकळत ठेवून स्वतः जेवणाऱ्यांवर. रडत बसलेल्या पाप्याला त्यानं मेजावरून उठवलेलं नाही. 28 व्या वचनात तो म्हणतो, माणसानं आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून घरी जावं, असं तिथं नाही.

जुन्या उपासनाक्रमांनी हे फार नेमकं ओळखलं होतं. अँग्लिकन परंपरेत 1548 सालापासून एक प्रार्थना चालत आली आहे: हे प्रभू, तुझ्या मेजाखालचा चुरा वेचण्याचीही आमची योग्यता नाही, पण दया करणं हा तुझा स्वभावच आहे. कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या अगदी आधी सगळे मिळून कफर्णहूमच्या शताधिपतीचे, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अंमलदाराचे, शब्द म्हणतात: तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही. ही दोन्ही वाक्यं चर्चच्या दारावर लावलेली नाहीत. ती मेजापाशी म्हणायची आहेत, आणि ती म्हणून झाल्यावर लगेच हात पुढं करायचा आहे. 'माझी योग्यता नाही' हे तिथं यायचं कारण आहे, न येण्याचं नाही.

त्या शताधिपतीचीच गोष्ट लूकच्या 7 व्या अध्यायात जरा सावकाश वाचावी. चौथ्या आणि पाचव्या वचनांत यहूद्यांचे वडील येशूला सांगतात, हा माणूस योग्य आहे, यानं आमच्यासाठी सभास्थान बांधून दिलंय. सहाव्या वचनात तोच माणूस निरोप पाठवतो, माझी योग्यता नाही. शिफारस एक सांगते, तो स्वतः दुसरंच सांगतो. येशू या दोन्हींवर काही बोलत नाही. बांधलेल्या सभास्थानाचं कौतुक नाही, नम्रतेला शाबासकी नाही. त्याला नवल वाटतं ते विश्वासाचं, आणि शताधिपतीचा आजारी दास बरा होतो.

आता बापाची मालमत्ता उडवून कंगाल झालेल्या उधळ्या पुत्राचं भाषण. लूक 15. डुकरांजवळ बसून त्यानं घरी काय बोलायचं ते पाठ केलंय, 18 आणि 19 या वचनांत ते आहे. त्यात तीन गोष्टी आहेत: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी आता योग्य नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. मग 21 वं वचन बघा. बाप गळ्यात पडल्यावर तो पहिलं वाक्य बोलतो, दुसरं बोलतो, आणि तिसरं येतच नाही. बाप चाकरांना झगा, अंगठी, जोडा आणायला सांगून मोकळा होतो. पाप केलं हे बापानं ऐकून घेतलं. योग्य नाही हेही ऐकलं, खोडून काढलं नाही. मजुरीचा सौदा मात्र बोलूच दिला नाही.

आपल्यातल्या पुष्कळांची गाडी त्या तिसऱ्या वाक्यावर अडते. 'आधी महिनाभर नीट वागून दाखवतो, मग येतो.' 'नाताळपासून सुरुवात करतो.' 'एवढा उपास पूर्ण होऊ दे.' हे ऐकायला पश्चात्तापासारखं वाटतं, पण मुळात ही मजुरी आहे: मी इतकं काम करीन, त्या बदल्यात तू मला घरात घे. आणि ते मोडतंच, कारण तो महिना कधी पुरा होत नाही. विसाव्या दिवशी पाय घसरतो आणि मोजणी पुन्हा एकपासून. इफिसकरांस पत्रात 2:8 ला कृपेनं, विश्वासाच्या द्वारे तारण झालं आणि ते देवाचं दान आहे, असं झालेल्या गोष्टीसारखं लिहिलंय. रोमकरांस 5:8 तर वेळही सांगतं: आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला.

मग पापांगीकार कशाला? तो लागतोच, फक्त तो किंमत म्हणून द्यायचा नसतो. तो नीट कसा करावा हे मंडळीत फारसं शिकवलं जात नाही, म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

शनिवारी रात्री दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर सहसा आपण स्वतःशी वाद घालत असतो. कागद घ्यावा आणि नाव घेऊन लिहावं. 'मी फार पापी आहे' हे वाक्य खरं असलं तरी कामाचं नाही. इतक्या मोघम कबुलीला क्षमाही मोघमच वाटते आणि सोमवारी ओझं होतं तिथंच असतं. 'जाऊबाईबद्दल खोटं बोलले', 'पतपेढीच्या पैशातले दोन हजार घरी वापरले' असं लिहावं. वाक्यात 'पण' आणि 'कारण' येऊ देऊ नये, त्यांच्यामागून नेहमी दुसऱ्याचं पाप येतं. मग 1 योहान 1:9 मोठ्यानं वाचावं: "जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील." मोठ्यानं, कारण मनातल्या मनात वाचलं की आरोप करणारा आवाजच जास्त ऐकू येतो. नंतर कागद फाडून टाकावा. जपून ठेवलेली यादी माणूस पुन्हा पुन्हा काढून वाचतो.

ज्याचं नुकसान झालंय त्याच्याकडं जावं लागतं, मत्तय 5:23-24 त्यातून सुटका देत नाही. दोन हजार एकदम देता येत नसतील तर हप्त्यानं द्यावेत, पण पहिला हप्ता याच आठवड्यात. जक्कय जकातदारानं लबाडीनं घेतलेलं चौपट परत देण्याचं कबूल केलं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याआधीच येशू त्याच्या घरी उतरला होता, हे विसरलं जातं. ज्याची क्षमा मागायची तो हयात नसेल, किंवा आपण गेल्यानं त्याच्या घरात नवीन आग लागणार असेल, तर पाळकसाहेबांपाशी किंवा विश्वासू वडीलधाऱ्यापाशी बोलावं. कॅथलिक बांधवांना गंभीर पापानंतर ख्रिस्तप्रसादाआधी पापनिवेदन, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, ते करावं लागतं. तेव्हा फादरांची वेळ विचारून घ्यावी. एक रविवार चुकवला की पुढचा चुकवणं सोपं जातं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नालायक वाटणं प्रत्येक वेळी पापामुळं नसतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांच्या मागं गावकुसाबाहेरचं जगणं आहे. 'तू हलका, दूर उभा राहा' हे पिढ्यानपिढ्या ऐकलेल्या घरात ते वाक्य आत जाऊन बसतं आणि पुढं चर्चमध्ये 'मी अयोग्य' या शब्दांत बाहेर पडतं. ते पदरी घ्यायचं पाप नाहीच. तो दुसऱ्यांनी केलेला अन्याय आहे आणि त्याचा अंगीकार त्यांनी करायचा आहे. लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झाला, ज्यांना नवऱ्यानं टाकलं, ज्यांना मूल झालं नाही म्हणून बोल लावले गेले, त्यांचंही तसंच. अशा बाईला 'पश्चात्ताप कर' सांगणं हे क्रूर आहे. 'मी काय केलं?' या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर देता येत नसेल, तर ती बहुधा दुसऱ्यानं लादलेली लाज असते. प्रभूनं महारोग्याला बरं केलं तेव्हा त्याच्याकडून कबुली मागितली नाही, हात लावला.

भावना उशिरा येतात, कधी येतही नाहीत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायचा राहिला होता, हे सुमारे आठ वर्षांनी कळल्याचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. एवढ्या विदुषीला आठ वर्षं लागली, तर तुमच्या मनाला शांती यायला वेळ लागतोय म्हणून तारण खोटं ठरत नाही. 1 योहान 3:20 म्हणतं, आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे.

काहींच्या बाबतीत मात्र ही शंका थांबतच नाही. तेच पाप दहादा कबूल करायचं, आणि दहाव्यांदाही 'नीट सांगितलं नाही' असं वाटायचं. येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला याच चरकात सापडले होते. आधी तीन दिवस लागलेली लेखी कबुली देऊनही चैन पडेना, जीव द्यावा असंही वाटू लागलं. शेवटी त्यांनी जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत असं ठरवलं, आणि तिथून सुटका झाली. तोच नियम आजही चालतो: एक पाप, एकदा. विचार परत आला तर वाद घालू नये. 'ते पदरी घेतलंय, त्याची क्षमा झाली आहे' एवढं म्हणून हातातलं काम पुढं चालू ठेवावं. आणि यात रोजचे तास जात असतील, झोप-जेवण सुटलं असेल, तर हा मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडं जाणं हा अविश्वास नाही. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरच्यांना सांगावं आणि 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन करावा.

राहिला सवाल पुन्हा पुन्हा पडण्याचा. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय, असं रोमकरांस 6:1 मध्ये पौल विचारतो आणि लगेच 'कधीच नाही' म्हणतो. तेव्हा दारू सुटत नसेल तर प्रार्थनेबरोबर व्यसनमुक्तीचा गटही धरावा, वाटेतलं दुकान टाळावं, पगार बायकोच्या हाती द्यावा. पण पडलात तर पडल्यापासूनच्या पहिल्या तासात प्रार्थना करा. तोंडाला वास येत असतानाही करा. रविवारपर्यंत थांबलेला माणूस मधले चार दिवस 'आता काय, गेलंच सगळं' म्हणून आणखी पितो, आणि खरं नुकसान या चार दिवसांत होतं. शब्द सुचत नसतील तर येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराचे घ्या, लूक 18:13, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." तो एवढंच बोलला, आणि नीतिमान ठरून आपल्या घरी गेला.