पत्रं स्टेजवर जात नाहीत

रविवारच्या पुरवणीत मी नात्यांबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देते आणि संध्याकाळी, जमेल तेव्हा, मराठी स्टँडअप करते. बऱ्याच जणांना वाटतं, की सदराला आलेली पत्रं हाच माझ्या कार्यक्रमाचा कच्चा माल असणार. तसं अजिबात नाही. स्टेजवर मी माझ्या घरातलं बोलते, विवाहमंडळाच्या फॉर्मातलं बोलते, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांबद्दल बोलते. पत्रातलं एक वाक्यही तिथे जात नाही. पत्र लिहिणाऱ्या माणसाने ते माझ्याकडे विश्वासाने ठेवायला दिलेलं असतं.

एका रविवारी या नियमाचा कस लागला. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळखीच्या खुणा मी तरीही बदलल्या आहेत.

पत्र पिंपरी-चिंचवडच्या बाजूचं होतं असं समजा. आखीव कागदावर, पाठपोट. साठीच्या आतबाहेरच्या बाई. नवरा कारखान्यात होता, तो गेल्यावर त्यांना भविष्य निर्वाह निधीची विधवा पेन्शन सुरू झाली. सकाळी बागेत फिरताना एका निवृत्त गृहस्थांशी ओळख झाली, ती वाढली. आता दोघांना एकत्र राहायचं होतं. पत्रात लाजणं नव्हतं, सरळ प्रश्न होते. लग्नच करावं लागेल का? राहत्या घरातला माझा हक्क जाईल का? आणि शेवटी: मुलाला कसं सांगू?

गुरुवारी दुपारपर्यंत मजकूर द्यायचा असतो, जागा साडेचारशे शब्दांची. एवढ्यात धीर द्यायचा की माहिती, हा दर आठवड्याचा पेच. मी माहितीच्या बाजूने जाते, कारण नेमकी माहिती मिळाली की माणसाला आपोआप धीर येतो. वकील मैत्रिणीकडून एकेक मुद्दा तपासून घेतला. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत विधवेने पुनर्विवाह केला की तिची पेन्शन थांबते. योजनेतली किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, पण ज्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून तेवढेच येतात, तिच्यासाठी ती मोठी रक्कम आहे. घराचं तसं नाही. मृत्युपत्र न करता नवरा गेला असेल, तर बायकोला वारस म्हणून मिळालेला हिस्सा तिच्या मालकीचा असतो. पुढे लग्न केलं म्हणून तो काढून घेता येत नाही. आणि लग्न न करता एकत्र राहिलं, तर जोडीदार आपोआप वारस होत नाही. एकमेकांसाठी काही ठेवायचं असेल तर मृत्युपत्र करायला हवं. मुलाला सांगण्याबद्दल मी एवढंच लिहिलं, की त्याला परवानगी मागू नका, बातमी सांगा.

असली उत्तरं छापून येण्यासाठी आपल्याकडे किंमत मोजली गेली आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. लैंगिक विषयांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी जी उत्तरं छापली, त्यांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, तरी मासिक १९५३ पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत, चाललं. मुंबईत डॉ. महिंदर वत्सांनी ऐंशी ओलांडल्यावर दैनिकात असंच सदर सुरू केलं आणि नव्वदी पार केल्यावरही ते लिहीत राहिले. ही माणसं माझ्या मनात कायम असतात, म्हणूनच एखादं उत्तर घाईने उरकवत नाही.

त्या रविवारी सकाळी उत्तर छापून आलं. संध्याकाळी पुण्यात एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर कार्यक्रम होता, साठेक खुर्च्या. क्राउड वर्क, म्हणजे प्रेक्षकांशी थेट गप्पा, करताना मी विचारलं, “घरी आई किंवा बाबा एकटे आहेत, असे कोण कोण?” बरेच हात वर गेले. “आणि उद्या त्यांनी सांगितलं की मला कुणीतरी आवडतं, तर?” हशा पिकला. मागून एकजण ओरडला, “या वयात?” स्टँडअपमध्ये असं वाक्य आयतं हातात येतं. पण त्या आईवर हसणं मला नको होतं. मी त्यालाच विचारलं, “मग कुठल्या वयात? तुम्ही तेविसाव्या वर्षी सांगितलंत तेव्हा आई काय म्हणाली होती?” तो म्हणाला, “हेच. या वयात?” सगळी खोली हसली, तोही हसला. त्या संध्याकाळी मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

कार्यक्रम संपल्यावर एक तिशीतला माणूस जिन्यापाशी थांबलेला होता. घडी घातलेली पुरवणी त्याने पुढे केली.

“मॅडम, हे पत्र माझ्या आईचं आहे का?”

“कुठलं पत्र कुणाचं, हे मी कुणालाच सांगत नाही.”

“तिने हे पान वर करून माझ्या चहाशेजारी ठेवलं होतं. बोलली काहीच नाही.”

“मग तिलाच विचारा.”

तो हलेना. मला त्याची काळजी दिसत होती. हो म्हटलं असतं तर तो सुटला असता, पण ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. बराच वेळ तो पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, “मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी हात वर केला नाही.” आणि एकेक प्रश्न विचारू लागला, सगळे ‘समजा’ लावून. समजा एखाद्याच्या आईने असं ठरवलं, तर ते गृहस्थ आजारी पडल्यावर तिनेच उस्तवार करायची का? त्यांची मुलं हिला मान देतील का? समजा जमलं नाही, तर ती परत येईल ना?

लोक काय म्हणतील, हे त्याने एकदाही विचारलं नाही. यातलं काहीच माझ्या साडेचारशे शब्दांत नव्हतं. मी जमेल तेवढं बोलले. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही लागू होतो, हे त्याला सांगितलं. आजारपणाचं आणि खर्चाचं त्या दोघांनी आधीच बसून ठरवायला हवं, हेही. “आणि परत यायची खोली तिची तिच्यासाठी ठेवा,” म्हटलं. ते त्याने फोनमध्ये लिहून घेतलं.

पुढे काही आठवड्यांनी आखीव कागदावर दुसरं पत्र आलं. मुलाने विचारलं होतं, बाईंनी सांगितलं होतं, घरात दोन दिवस अबोला होता आणि मग तो स्वतः त्या गृहस्थांना भेटून आला होता. बाकी पत्रभर पुन्हा प्रश्न: मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात ना, मग बागेतल्या मैत्रिणी चालतील का? मी लिहिलं, चालतील. फक्त मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळणार नाही अशाच निवडा, आणि दोघी तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेल्या बऱ्या.