नागपूरच्या मे महिन्यात बर्फाची पकड मोजताना

एम.टेक.च्या प्रोजेक्टला मी विषय घेतला विमानाच्या पंखावर साचणाऱ्या बर्फाचा. बाहेर पारा 45 च्या घरात. वर्कशॉपमधले काका म्हणाले, "काहून बे, लोकं कूलरपुढून हलत नाहीत अन् तू बर्फ तोडत बसला?"

ढगातले काही थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतात आणि पंखावर आदळले की गोठतात. तापमान शून्याजवळ असेल तर पाणी पसरून मग गोठतं. हा पारदर्शक, घट्ट ग्लेझ, घनता घनमीटरला 900 किलोच्या आसपास. कडक थंडीत थेंब जागीच गोठतो, मधे हवा अडकते. हा पांढरा राइम, जुन्या फ्रीझरच्या भिंतीवर साचतो तसा.

खरी झटापट चाचणीची. तापलेल्या लॅबमधल्या यूटीएमवर (वस्तू ओढून-दाबून ताकद मोजायचं यंत्र) ॲल्युमिनियमची पट्टी लावेपर्यंत बर्फ तळातून सुटायचा. मग सेकंडहँड डीप फ्रीझर आणला, लोडसेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर, त्यातच बसवला आणि झाकणाला भोक पाडून बर्फ ढकलणारा दांडा आत घेतला. पट्टीवर पीव्हीसी पाइपची कडी ठेवून त्यात पाणी गोठवायचं. आधी चमचाभरच ओतायचं. ते गोठून तळ बंद झाला की बाकीचं, नाहीतर सगळं पाणी खालून निसटतं. दांडा पट्टीला जवळजवळ घासूनच टेकवायचा. वर टेकवला तर बर्फ सरकण्याऐवजी उलटतो आणि आकडा कामातून जातो. लाइट गेली की तो दिवस वाया, हे वेगळं सांगायला नको.

पॉलिश केलेल्या पट्टीपेक्षा एमरी पेपर मारलेल्या पट्टीवर बर्फ चिवट धरून बसला. बर्फाला सावकाश दाबलं तर तो हळूहळू वाहतो, झटका दिला तर काचेसारखा फुटतो. पंखाच्या पुढच्या कडेवरचे रबरी बूट, म्हणजे हवेने फुगणारी आवरणं, झटकन फुगवतात ते याचसाठी.

पंखावरचा बर्फ सोडवणाऱ्या हीटरचं गणित मात्र मला सगळ्यात आवडलं. एका चौरस मीटरवरचा 2 मिलिमीटर बर्फ वितळवायला सुमारे 600 किलोज्यूल लागतात. पण पकड असते तळाशी. तिथला 0.1 मिलिमीटर थर वितळला, म्हणजे साधारण 30 किलोज्यूल दिले, की उरलेला बर्फ हवेचा झोत उडवून नेतो.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांचा पहिलाच प्रश्न: साच्यातला बर्फ आणि ढगातला बर्फ एकच का? मी म्हटलं, नाही सर. म्हणूनच हे आकडे फक्त पृष्ठभागांच्या तुलनेपुरते वापरलेत. पंखाच्या डिझाइनला आयसिंग विंड टनेलचेच (थंड हवेच्या झोतात थेंब सोडून ढगासारखा बर्फ साचवतात तो बोगदा) लागतील.